दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी दवाखान्यात टीम कशी उभी करायची: यादीपासून पाठपुराव्यापर्यंत

दवाखाना रांगेवर चालतो. जो दारात आला त्याला तपासायचं, औषध लिहून द्यायचं, पुढच्याला बोलवायचं. ताप, जखम, जुलाब यांना ही पद्धत पुरते. उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा जुना विकार यांना ती पुरत नाही, कारण ज्याचा आजार सगळ्यात जास्त हाताबाहेर गेलाय तो रुग्ण बहुतेक वेळा रांगेत नसतोच. त्याला काही त्रास होत नसतो, गोळ्या संपल्या तेव्हा त्याने त्या परत घेतल्या नाहीत, आणि दवाखान्यात कुणाला ते कळलंही नाही.

टीमने काम करायचं ते या माणसासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हृदयविकार टाळण्यासाठी ‘हार्ट्स’ नावाचा कार्यक्रम मांडला, त्याच्या इंग्रजी नावातलं ‘टी’ हे अक्षर टीमसाठीच आहे. त्याच्या बरंच आधी, १९९० च्या दशकात, अमेरिकेत एडवर्ड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ आजारांच्या सेवेचा जो आराखडा तयार केला, त्याच्या केंद्रस्थानी माहितगार रुग्ण आणि तयारीत असलेली टीम होती. ‘तयारीत’ हा शब्द महत्त्वाचा. रुग्ण यायच्या आधी टीमला माहीत हवं की कोण येणार आहे, आणि कोण यायला हवा होता पण आला नाही.

यादी आधी, टीम नंतर

एकच आजार घ्या. आमचा सल्ला उच्च रक्तदाबाचा: मोजायला सोपा, औषधं थोडी, आणि केलेल्या बदलाचा परिणाम महिन्याभरात दिसतो. चार आजार एकदम घेणाऱ्या दवाखान्यांत तिसऱ्या महिन्यापर्यंत नोंदवह्या अर्धवट पडलेल्या असतात.

प्रत्येक रुग्णाची एक ओळ. रकाने इतकेच: नाव, वय, स्वतःचा फोन, घरातल्या एका माणसाचा फोन, निदान कधी झालं, शेवटची भेट, त्या भेटीतला बीपी, चालू औषधं डोससकट, पुढची तारीख, आणि या रुग्णाची जबाबदारी टीममधल्या कुणाची. बारापेक्षा जास्त रकाने ठेवले की लोक भरणं सोडतात.

संगणक नसला तरी अडत नाही. जाड कागदाचं एक कार्ड आणि बारा कप्प्यांचा डबा पुरतो. रुग्ण येऊन गेला की त्याचं कार्ड पुढच्या तारखेच्या महिन्याच्या कप्प्यात टाकायचं. महिना संपला की त्या कप्प्यात जी कार्डं उरली, ते रुग्ण आले नाहीत. वेगळा अहवाल काढावाच लागत नाही. उरलेला गठ्ठा हाच अहवाल.

यादीत एक चूक हमखास होते. रुग्ण यायचा बंद झाला की काही महिन्यांनी कुणीतरी ‘यादी साफ’ करतं आणि त्याचं नाव काढून टाकतं. ज्याच्यासाठी यादी केली तोच तिच्यातून गेला. नाव काढायची कारणं तीनच: मृत्यू, कायमचं स्थलांतर, किंवा दुसऱ्या दवाखान्याकडे रीतसर सोपवणं. कारण लिहा, तारीख टाका.

यादी झाली की हिशेब मांडा. समजा ४०० रुग्ण आहेत. १७५ जणांचा बीपी आटोक्यात आहे, त्यांना ३ महिन्यांतून एकदा बोलवायचं. उरलेल्या २२५ जणांना दर महिन्याला. म्हणजे महिन्याला २२५ अधिक ५८, सुमारे २८३ भेटी. २५ कामाचे दिवस धरले तर रोज ११ ते १२. प्रत्येकाला डॉक्टरांनी १५ मिनिटं द्यायची म्हटलं तर ३ तास एकाच आजारात जातात आणि बाहेरची रांग तशीच राहते. याच बारापैकी सहा जणांचं काम नर्सने प्रोटोकॉलप्रमाणे (आधी लिहून ठरवलेल्या उपचाराच्या पायऱ्यांप्रमाणे) करून डॉक्टरांनी फक्त दोन-दोन मिनिटांत पाहून सही केली, तर तोच वेळ पावणेदोन तासांच्या आत येतो. वाचलेला वेळ ज्यांचा आजार खरोखर अवघड आहे त्यांना मिळतो. टीमची गरज इतक्या साध्या गणितातून दिसते.

एका कामाला एकच नाव

‘आपण सगळे मिळून पाठपुरावा करू’ या वाक्याचा अर्थ पाठपुरावा कुणीच करणार नाही असा होतो. कामांचा तक्ता करा आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा, त्याशेजारी तो माणूस रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नाव. तक्ता भिंतीवर लावा.

साधारण वाटणी अशी बसते. डॉक्टर: निदान पक्कं करणं, औषध सुरू करणं, गुंतागुंतीचे रुग्ण, आणि प्रोटोकॉलच्या सगळ्या पायऱ्या चढूनही ज्यांचा आजार ऐकत नाही ते. नर्स: मोजमाप, प्रोटोकॉलप्रमाणे पुढची पायरी सुचवणं, पायांची तपासणी, समजावणं. फार्मासिस्ट: रुग्ण नेमकं काय काय घेतो याचा मेळ, औषधं एकमेकांशी भांडतात का ते पाहणं, पुढचा साठा. आरोग्यसेवक: न आलेल्यांच्या घरी जाणं. नोंदणी टेबलावरची व्यक्ती: यादी, फोन, तारखा. हे शेवटचं काम लोक कमी लेखतात. प्रत्यक्षात सगळी टीम त्याच टेबलावर उभी असते.

इतकी माणसं नसली तर? एक डॉक्टर आणि एक नर्स एवढी टीमही चालते. अट एकच, नर्सला त्या कामासाठी ठरावीक वेळ मिळाला पाहिजे. रांगेतल्या इंजेक्शनांच्या मधल्या फटीत जमेल तसं कर म्हटलं तर ते काम होत नाही, आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या उच्च रक्तदाबाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नर्स आणि फार्मासिस्टही औषधोपचार पाहू शकतात, पण प्रशिक्षण, औषध देण्याचा अधिकार, ठरलेला प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची देखरेख या चार अटी पाळून. अधिकाराचे नियम देशोदेशी वेगळे असतात. आपल्याकडे कायदा किती परवानगी देतो हे काम सोपवण्याआधी तपासा. जिथे परवानगी नाही तिथे नर्सने पायरी सुचवायची आणि डॉक्टरांनी सही करायची.

प्रोटोकॉल: नेमकं औषध, नेमका डोस, नेमका दिवस

‘बीपी वाढलेला असल्यास औषधात योग्य बदल करावा’ हा प्रोटोकॉल नव्हे. नमुन्यादाखल अशी रचना पाहा: अ‍ॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम रोज. महिन्याने १४०/९० किंवा जास्त असेल तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची जोड. पुढच्या महिन्यातही जास्त असेल तर दोन्हींचे डोस १० आणि ८०. त्यानंतरही आटोक्यात नाही तर क्लोरथॅलिडोन (लघवीची गोळी) १२.५ मिलिग्रॅमची जोड. तुमच्या प्रोटोकॉलमधली औषधं डॉक्टर आणि देशाच्या सूचना ठरवतील. लिहिण्याची पद्धत मात्र इतकी नेमकी हवी. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यासाठी वरचा बीपी १३० च्या खाली, ही ओळही त्यात हवी.

प्रत्येक पायरीला तिची खबरदारी चिकटवा. टेल्मिसार्टनसारखं औषध गरोदरपणात देत नाहीत, म्हणून देण्याआधी विचारायचं. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर १ ते २ आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून जास्त चढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अ‍ॅम्लोडिपीनने घोटे सुजतात. हे रुग्णाला आधी सांगितलं नाही तर तो सूज पाहून घाबरतो आणि गोळी बंद करतो, आणि पुढच्या भेटीत ते सांगतही नाही.

थांबायच्या रेषा ठळक अक्षरांत लिहा. बीपी १८०/११० च्या वर: ५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तितकाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायचं. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची कमजोरी, बोलण्यात अडखळणं किंवा अचानक नजर धूसर होणं असेल तर थांबायचं नाही, थेट तातडीच्या सेवेकडे. मधुमेहींसाठी साखर ७० च्या खाली: शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तितकंच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णाचं वजन ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर ते शरीरात साठलेलं पाणी असू शकतं. त्याने फोन करायचा, तारखेची वाट पाहायची नाही.

प्रोटोकॉल असूनही आजार आटोक्यात येत नाही याचं मोठं कारण रुग्णात नसतं, आपल्यात असतं. ‘आज थोडासाच जास्त आहे, पुढच्या वेळी बघू.’ बीपी १५२, मग १४८, मग १५४, आणि वर्ष संपतं. उपाय सोपा आहे. पायरी चढवली नाही तर का नाही, हे एका ओळीत लिहायची सक्ती. ‘५ दिवस गोळी घेतली नव्हती’ हे कारण आहे. ‘रुग्ण नको म्हणाला’ हेही कारण आहे. ‘पुढच्या वेळी पाहू’ हे कारण नाही.

सकाळची १० मिनिटं

दिवस सुरू होण्याआधी सगळ्यांनी उभ्याने जमायचं. बसलं की बैठक होते आणि अर्धा तास जातो. यादी हातात घ्यायची आणि तीन प्रश्न: आज कोण येणार? त्यांच्यापैकी कुणाचं काय राहिलंय, रक्ततपासणी, पायांची तपासणी, डोळ्यांचा अहवाल? काल कोण आलं नाही, आणि फोन कोण करणार? तक्रारी, रजा, साठा यांसाठी वेगळी वेळ ठेवा.

बीपी नीट मोजणं

इथे सविस्तर लिहितोय, कारण औषध वाढवायचं की नाही हे त्या एका आकड्यावर ठरतं आणि तो आकडा चुकीचा येण्याचे मार्ग भरपूर आहेत.

मोजण्याआधी अर्धा तास तंबाखू, कॅफीन, जोराची हालचाल नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. मग ५ मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पाय एकमेकांवर टाकलेले नाहीत. कफ (यंत्राचा फुगणारा पट्टा) उघड्या दंडावर. बाही गुंडाळून वर सरकवली तर तीच दंड आवळते. हात टेबलावर टेकलेला, कफचा मध्य हृदयाच्या उंचीला. हात खाली लोंबत असेल तर आकडा जास्त येतो. लहान कफ जाड दंडावर लावला तरी जास्त येतो. कफमधल्या रबरी पिशवीने दंडाचा ८० टक्के घेर व्यापला पाहिजे, म्हणून मोठा कफ टेबलावर ठेवाच, कपाटात नव्हे. मोजताना बोलायचं नाही, रुग्णानेही आणि आपणही. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा बीपी घ्या आणि ज्या हाताचा जास्त येतो तोच पुढे वापरा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा.

नोंदवहीवर एक परीक्षा करून पाहता येते. महिन्याभरातल्या वरच्या बीपीचे शेवटचे अंक मोजा. स्वयंचलित यंत्रावर शून्य साधारण दहातून एकदा यायला हवं. निम्म्याहून जास्त आकडे १३०, १४०, १५० असे असतील तर कुणीतरी अंदाजाने लिहितंय. रागावून उपयोग नाही. बहुधा ५ मिनिटं बसवायला खुर्ची नसते, किंवा यंत्राच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. आधी ते पाहा.

औषधांची पिशवी

पहिल्या भेटीत आणि नंतर वर्षातून किमान एकदा रुग्णाला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. सगळी म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांची, दुकानातून स्वतः घेतलेली, जडीबुटीची, थेंब, मलम, इनहेलर, सगळंच. टेबलावर मांडून एकेक उचलायचं आणि विचारायचं, ‘ही कशासाठी घेता? कधी घेता? काल घेतली होती का?’

या मांडणीतून जे निघतं ते चिठ्ठीवरून कधीच कळत नाही. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी, दोन्ही रोज चालू. संपलेली पट्टी, जी रुग्ण ‘चालू आहे’ म्हणतो. आणि सांधेदुखीसाठी रोज घेतलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, जी बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, लघवीची गोळी आणि असं वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. जुलाब-उलट्यांत हा धोका आणखी वाढतो. फार्मासिस्टने हे त्रिकूट दिसताच डॉक्टरांना सांगायचं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा) पाहा. ३० च्या खाली ते देत नाहीत. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कडेही लक्ष हवं.

दम्याच्या रुग्णाचा इनहेलर नुसता पाहू नका, समोर घ्यायला लावा. साध्या दाबायच्या इनहेलरची रीत: हलवणं, श्वास पूर्ण सोडणं, संथ श्वास आत घेता घेता दाबणं, १० सेकंद श्वास रोखणं. दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) द्या. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. औषध लागू पडत नाही असं वाटणाऱ्या कितीतरी रुग्णांमध्ये औषध घशापलीकडे पोचलेलंच नसतं.

समजलं का, असं विचारू नका

‘समजलं ना?’ याला उत्तर ‘हो’ हेच येतं. त्याऐवजी असं म्हणा: ‘काकू, मी नीट सांगितलं की नाही हे मला बघायचंय. घरी गेल्यावर या दोन गोळ्या कशा घेणार, मला सांगता का?’ परीक्षा आपली आहे, त्यांची नाही, हे त्या वाक्यातून पोचतं. उत्तर चुकलं तर आपलं सांगणं चुकलं. दुसऱ्या शब्दांत सांगायचं आणि पुन्हा विचारायचं.

एका भेटीत एकच बदल ठरवा, आणि तो रुग्णाने निवडलेला. ‘व्यायाम करा’ यातून काही होत नाही. ‘आठवड्यातून ५ दिवस, संध्याकाळी, २० मिनिटं चालणार’ हे धरता येतं. मग विचारा, ‘हे जमेल याची खात्री शून्य ते दहात किती?’ उत्तर सातच्या खाली आलं तर बेत लहान करा. तीन मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या भेटीत बोलायला काहीतरी ठोस उरतं.

मनाची चौकशीही याच टेबलावर व्हावी. दीर्घ आजारात नैराश्य वारंवार आढळतं आणि ते असताना गोळ्या, चालणं, तारखा सगळंच सुटतं. पीएचक्यू-२ या नैराश्याच्या चाचणीचे दोन प्रश्न नर्स विचारू शकते. गुण ३ किंवा जास्त आले तर नऊ प्रश्नांची पूर्ण यादी. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला होकार आला तर रुग्णाला त्या दिवशी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. कुणी पाहायचं हे आधीच ठरलेलं नसेल तर ती यादी वापरायला सुरुवातच करू नका.

दोन भेटींच्या मध्ये

नवीन औषध सुरू केलं की आठवड्याने एक फोन. विचारायचं तीनच: औषध मिळालं का, घेताय का, काही त्रास होतोय का. पहिल्या काही आठवड्यांत सुटलेली गोळी पुढे परत सुरू होणं अवघड, म्हणून हा फोन टाळू नका.

तारीख चुकली तर: ३ दिवसांनी फोन, आठवड्याने दुसरा फोन (घरातल्या माणसाच्या नंबरवर), दोन आठवड्यांनी आरोग्यसेवकाची घरभेट. दुसऱ्या माणसाशी बोलताना आजाराचं नाव घ्यायचं नाही, रुग्णाची परवानगी आधीच नोंदलेली असली तरच घ्यायचं. आणि सूर सांभाळा. ‘का नाही आलात?’ ऐवजी ‘तुमची तारीख होती, सगळं ठीक आहे ना?’ ओरडा बसलेला रुग्ण पुढच्या वेळी फोनच उचलत नाही.

न येण्याची कारणं लिहून ठेवा आणि महिन्याने वाचा. दवाखान्याची वेळ आणि त्यांच्या कामाची वेळ एकच असते, गोळ्या अर्ध्याच महिन्याच्या मिळतात, रांग लांब असते. यांतलं बरंचसं टीमच्या हातात असतं. बीपी आटोक्यात असलेल्याला एकदम ३ महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर त्याचे दोन हेलपाटे वाचतात आणि आपल्या दोन भेटी.

तज्ज्ञाकडे पाठवलेल्या रुग्णाची वेगळी वही ठेवा: पाठवल्याची तारीख, कशासाठी, गेला का, अहवाल आला का, त्यावर काय केलं. पाचवा रकाना भरेपर्यंत ते काम संपत नाही. तिकडून बदललेल्या औषधांची नोंद इकडे न होणं ही नेहमीची चूक आहे. म्हणून तज्ज्ञाकडून किंवा रुग्णालयातून परत आलेल्या रुग्णाची पिशवी आठवड्याच्या आत पुन्हा टेबलावर मांडायची.

भागिले कशाने?

पुन्हा तेच ४०० रुग्ण. गेल्या ३ महिन्यांत आले २५०, त्यांपैकी १७५ जणांचा बीपी १४०/९० च्या खाली. १७५ भागिले २५० म्हणजे ७० टक्के, आणि टीम खूश होते. १७५ भागिले ४०० म्हणजे ४४ टक्के. खरा आकडा दुसरा. तीन डबे समोर ठेवा: आटोक्यात १७५, आले पण आटोक्यात नाहीत ७५, आलेच नाहीत १५०. पंचाहत्तरांसाठी औषधाची पायरी चढवायची आहे, दीडशेंसाठी फोन आणि घरभेटी. कुठे जोर लावायचा हे यातून आपोआप ठरतं, नाहीतर टीम सगळी ताकद पंचाहत्तरांवर घालवते कारण ते डोळ्यांसमोर असतात.

महिन्यातून एकदा, तासभर, हे तीन आकडे आलेखावर टिपा. एका वेळी एकच बदल करा, दोन आठवडे मोजक्या रुग्णांवर करून पाहा, चालला तर सगळ्यांना लावा. आकडा घसरला तर आधी यंत्र, साठा आणि रजा तपासा. माणसांवर बोट त्यानंतर.

दुसरा आजार कधी जोडायचा

सलग ३ महिने न आलेल्यांचा डबा लहान होत गेला आणि सकाळची १० मिनिटं कुणी आठवण न करता होऊ लागली, की मधुमेह जोडा. नवीन वही करू नका. बरेच रुग्ण तेच असतात, त्यामुळे त्याच ओळीत रकाने वाढवा: एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी (आटोक्यात नसेल तर दर ३ महिन्यांनी, असेल तर दर ६ महिन्यांनी), आणि वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा, पायांची तपासणी. रक्तक्षय असलेल्यांत एचबीएवनसी फसवू शकतो, तिथे बोटावरच्या साखरेशी ताडून पाहा. पायांसाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाला स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा) लागतो, आणि रुग्णाला बूट-मोजे काढून बसवायला एक स्टूल. स्टूल नसेल तिथे पाय तपासले जात नाहीत, म्हणून मधुमेहाचा पहिला रुग्ण नोंदवण्याच्या आदल्या दिवशीच ते नर्सच्या टेबलाशेजारी ठेवा.